भट्टीची ओटी

पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी प्रत्येक पिढीवर कधी ना कधी येऊन पडते. आमच्या पिढीवर ती एका रविवारी सकाळी 'हरितशिखर' गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये पडली. सोबत पोहे होते. भारनियमनामुळे वीज गेली होती, मागे जनरेटर धडधडत होता, आणि अध्यक्ष केळूसकर साहेब हवेच्या शुद्धतेबद्दल नेमकं काय म्हणताहेत ते तिसऱ्या रांगेच्या मागे कोणालाच ऐकू येत नव्हतं. मी चौथ्या रांगेत होतो.

केळूसकर औष्णिक वीज केंद्रातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी उंच चिमण्यांखाली काढली आणि निवृत्तीनंतर मोकळ्या हवेसाठी शहराबाहेर, कासारखेडला, फ्लॅट घेतला. त्याच हवेसाठी आणखी अडीचशे कुटुंबांनी तिथंच फ्लॅट घेतले. प्रत्येकाकडे एक गाडी होती आणि काहींकडे दोन, कारण शहराबाहेर राहायचं तर शहरात रोज जावं लागतं.

"मला धूर कळतो," केळूसकर आवाज चढवून म्हणाले. "नुसत्या वासावरून सांगेन कशाचा आहे ते. आणि आपल्याकडे येतो तो त्या मागच्या वीटभट्टीचा आहे."

सगळ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे भट्टी रचून तयार होती. ती अजून पेटवलेली नव्हती, पण तो मुद्दा कोणी काढला नाही.

"समिती नेमू या. पण त्यात जाणकार माणूस हवा."

"चिल्हाळ सर आहेत ना," कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. "कॉलेजात पर्यावरण शिकवतात."

शिकवत होतो हे खरं. मी मुळातला अर्थशास्त्राचा. पर्यावरण सगळ्या शाखांना सक्तीचं झालं, ते कोणालाच शिकवायला नको होतं, आणि त्या वर्षी माझे तास कमी भरत होते. एवढीच माझी जाणकारी. मी उभा राहिलो.

"एक गोष्ट आधी सांगायला हवी. ती भट्टी माझ्या सासऱ्यांची आहे."

सभेत शांतता पसरली. म्हणजे फक्त जनरेटर ऐकू येऊ लागला.

"सख्ख्या?" केळूसकरांनी विचारलं.

चुलत सासऱ्यांच्या भट्टीचा धूर कमी लागतो का, हा विचार बाजूला ठेवून मी हो म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला.

"मग प्रश्नच मिटला. घरातल्या घरात होऊन जाईल."

अशा रीतीने मी धूरमुक्ती समितीचा निमंत्रक झालो. दोन ठराव झाले. पहिला, भट्टी बंद करणे. दुसरा, ती बंद होईपर्यंत धूर अडावा म्हणून मागच्या कुंपणाची भिंत चार फुटांनी उंच करणे. धूर वरच जातो ना, असं एका बाईंनी विचारलं. म्हणूनच उंची वाढवतोय, असं त्यांना सांगण्यात आलं. भिंतीचं काम मुनाफभाई कंत्राटदाराकडे गेलं आणि सभा पोह्यांकडे वळली.

घरी आलो तेव्हा शैला मधुराला वाफ देत होती. मधुरा, आमची मुलगी, आठ वर्षांची. दिवाळीपासून खोकत होती. डॉक्टरांनी धूळ, धूर, थंडी आणि मांजर अशी कारणं सांगितली होती. आमच्याकडे मांजर नव्हतं.

"काय ठरलं?" शैलानं विचारलं.

"भट्टी बंद करायची."

"आबांना कोण सांगणार?"

"मी. मी निमंत्रक आहे."

तिनं मधुराच्या डोक्यावरचा टॉवेल नीट केला. "तुम्ही हो म्हणालात?"

"मी एवढंच म्हणालो की ती तुझ्या वडिलांची आहे. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला."

"उद्या मला ओटी भरायला जायचंय."

आमच्या दोन्ही घरांचा मूळ धंदा कुंभाराच्या चाकाचा. माझ्या वडिलांनी चाक सोडून तलाठी कचेरीत शिपायाची नोकरी धरली, आबांनी गाडगी सोडून विटा धरल्या. त्यांच्याकडे भट्टी रचून झाली की पेटवण्याआधी तिची ओटी भरतात, पोटुशी बाईची भरावी तशी. सासूबाई होत्या तोवर त्या भरायच्या. त्या गेल्यापासून शैला जायची. आम्ही कासारखेडला फ्लॅट घेतला त्यात हेही एक कारण होतं. दुसरं कारण म्हणजे भट्टी दिसते म्हणून त्या बाजूचे फ्लॅट बिल्डर जरा स्वस्तात विकत होता.

"मीही येतो," मी म्हणालो.

"या. पण आबांशी सभेतलं मराठी बोलू नका. तुम्ही 'उत्सर्जन' म्हणालात की ते हसतात, मग मला राग येतो, आणि कोणाचा येतोय तेच कळत नाही."

"धूर वाईटच असतो, शैला."

"मला सांगता? मी लग्न होईपर्यंत तोच खाल्लाय." ती मधुराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "धूर बंद व्हावा असं मलाही वाटतं. आबांची भट्टी बंद व्हावी असं वाटत नाही. आता हे तुमच्या समितीच्या कागदावर कसं लिहायचं ते तुम्हीच बघा."

भट्टी जवळून पाहिली तर एखाद्या बैठ्या घराएवढी होती. कच्च्या विटांचे थर, मधे कोळसा आणि तूस, बाहेरून चिखलाचं लिंपण, खाली आग घालायची तोंडं. पलीकडे विटा थापणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. आबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मला येताना पाहिलं आणि हात तसाच चालू ठेवला.

"या पाव्हणं. जावई म्हनून आलाय का समितीचं म्हनून?"

बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका त्याच झोपड्यांतल्या.

"काय फरक पडतो, आबा?"

"जावई असाल तर च्या. समितीचं असाल तर पानी."

"चहा," मी म्हणालो.

चहा आला. तो संपेपर्यंत मी जावई होतो. कप खाली ठेवला आणि समितीचा झालो.

"आबा, ही पेटवू नका."

"मग काय करू? कच्ची वीट हाय. उद्या आभाळ आलं तर चिखूल."

"लोकांना त्रास होतो."

"कोन्त्या लोकास्नी?" त्यांनी आमच्या टॉवरांकडे मान वळवली. "ते व्हय? ते कवा आलं?"

"आबा, ते म्हणजे आम्हीच."

"तुमास्नी कुटं काय म्हनलो. लेक दारात आली, ब्येस झालं. पर माजी गंमत बघा. पैली भट्टी व्हती तिथं आता चार पडद्यांचं थेटर हाय. धूर हुतो म्हनून उटवलं. दुसरी माळावर लावली. तिथं कुत्रं न्हवतं. तर धा वर्सात तिथं विंग्रजी शाळा. तिथनं उटवलं, हितं आलो. मी शहराच्या म्होरं पळतोय, आनि शहर माज्याच विटा घिऊन माज्या मागनं येतंय."

हे त्यांनी कुरकुर म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात झालेला घोटाळा सांगावा तसं सांगितलं.

"मग आता कुठं जाणार?"

"कुटं न्हाई. जमीन मालकानं इकली. तुमच्याच बिल्डरला. ही शेवटची. हिला तेवढी निगू द्या, मंग मी बी मोकळा, तुमची समिती बी मोकळी."

भट्टी 'निघणं' हा त्यांचा शब्द. एकदा पेटली की ती पंधरवडाभर आतल्या आत जळत वर चढते, मग स्वतःहून निवते, मग उघडायची. तिला कोणी विझवत नाही. मधे विझली तर विटाही राहत नाहीत आणि मातीही राहत नाही.

"आणि टायर?" मी विचारलं.

आबांनी शैलाकडे पाहिलं. शैलानं जमिनीकडे पाहिलं. भट्टी लवकर पेट घ्यावी म्हणून तोंडात जुने टायर घालायची सगळ्या भट्टीवाल्यांची रीत. डांबरासारखा काळा धूर येतो त्याचा. मागच्या खेपेला आमच्या अख्ख्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं पुन्हा धुवावं लागलं होतं. त्या बाबतीत समितीचं म्हणणं खरंच होतं.

"पेटवायपुरतं घालतो थोडं."

"आबा, मधुरा रात्रभर खोकते," शैला म्हणाली.

आबांनी मळलेली तंबाखू तोंडात न टाकता खाली झटकली. "न्हाई घालत. लाकडावर पेटवतो. येळ लागंल, लागू दे." मग माझ्याकडे वळून, "समितीला सांगा. माजा सबूद, टायर न्हाई. त्यांचा सबूद पायजे, ही निगंपातूर तिला हात लावायचा न्हाई."

शैलानं भट्टीच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं, हिरवा खण, तांदूळ आणि नारळ ठेवला, हिरव्या बांगड्या चिखलाच्या लिंपणात रोवल्या. त्या घडीपासून भट्टी उघडेपर्यंत तिच्याभोवती पाणी सांडायचं नाही असा नेम आहे. कामाची माणसं तहान लागली तरी पार विहिरीपाशी जाऊन पितात. मी खिशातली पाण्याची बाटली काढायला गेलो, तेव्हा एका बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ती परत ठेवली. मग आबांनी लाकडं पेटवली.

संध्याकाळी केळूसकरांकडे गेलो. ते बाल्कनीत उभे राहून भट्टीकडेच बघत होते. मी आबांचं म्हणणं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत.

"पेटलेला बॉयलर मधेच बंद करत नाहीत," ते म्हणाले. "एकदा एका बड्या पाहुण्याच्या दौऱ्यासाठी आम्हाला करायला लावला होता. चिमणीतून धूर निघताना फोटोत बरं दिसत नाही म्हणून. नळ्या फुटल्या. वर्षभर निस्तरत होतो." त्यांनी पुन्हा भट्टीकडे पाहिलं. "शेवटची म्हणाले ना?"

"शेवटची."

"आणि टायर नाही."

"नाही."

"मग माझा शब्द. आज सकाळी नगरपरिषदेत तक्रार दिलीय, ती तशीच राहू दे, पण ही निघेपर्यंत तिकडे कोणाला फिरकू देणार नाही. मात्र सर, टायरचा वास आला, तर शब्द संपला. मला धूर कळतो, लक्षात ठेवा."

त्यानंतरचे काही दिवस बरे गेले. भट्टीवर निळसर, पातळ धूर दिसायचा. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. खिडक्या लावल्यावर गुदमरायला लागलं म्हणून एसी सुरू केले, भर जानेवारीत. वीज गेली की एसी जनरेटरवर चालत. जनरेटरच्या खोलीबाहेर डिझेलची पिंपं वाढली. एका बैठकीत या जादा डिझेलचा विषय निघाला, तेव्हा ते भट्टीमुळे जास्त लागतंय अशी नोंद करायचं ठरलं.

शैला रोज सकाळी बाल्कनीत जाऊन धूर भट्टीच्या कितव्या थरातून येतोय ते बघायची. "अर्ध्यावर आली," एकदा म्हणाली. आणखी काही दिवसांनी, "आता वरच्या थराला लागेल." मधुराचा खोकला तसाच होता, ना कमी ना जास्त. समितीत मी दोन्ही बाजूंना समजूतदार माणूस म्हणून गणला जाऊ लागलो होतो, आणि ते मला आवडतही होतं.

मग एका सकाळी धुकं पडलं. वीज पहाटेपासूनच गेलेली. मी दाढी करत होतो आणि घसा एकदम खवखवला. घरभर वास. जळकं रबर. त्यात शंकाच नव्हती. मधुरा अंथरुणात उठून बसली आणि खोकायला लागली ती थांबेचना. शैलानं तिला मांडीवर घेऊन औषधाचा पंप तोंडाला लावला. तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

"सर, वास येतोय?" केळूसकर.

"येतोय."

"कशाचा?"

मी शैलाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"रबराचा," मी म्हणालो.

"माझा शब्द संपला."

तासाभरानं मधुराचा खोकला ओसरला, तेव्हा तिला शेजारच्या काकूंकडे सोपवून आम्ही दोघं खाली उतरलो. धुक्यात भट्टी नीट दिसत नव्हती. पायवाटेनं जाताना शैला म्हणाली, "आबा शब्द मोडायचे नाहीत."

मी नाकाला रुमाल लावला.

"तुम्हाला वाटतंय मोडला."

"वास येतोय, शैला."

"येतोय," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

आम्ही पोचायच्या आत बंब पोचला होता. कासारखेड नगरपरिषदेनं तो त्याच वर्षी घेतला होता. त्याचं उद्घाटन झालं होतं, त्याला हार घालून झाला होता, पण गावात जळण्यासारखं काही घडतच नव्हतं. जवान कोऱ्या शिरस्त्राणांत उभे होते. नगरपरिषदेचा एक निरीक्षक गळ्याशी मफलर आवळत नोटीस वाचून दाखवत होता. केळूसकर त्याच्या शेजारी होते. आबा भट्टीच्या तोंडासमोर उभे होते, हात नुसते खाली सोडलेले.

"जोर्वेकर, बाजूला व्हा," निरीक्षक म्हणाला.

"सायेब, चार दिस. वरचा थर ऱ्हायलाय निस्ता."

"तुम्ही कबूल केलं होतं," केळूसकर म्हणाले. "टायर घालणार नाही म्हणून."

"न्हाईच घातलं."

"मला धूर कळतो, जोर्वेकर."

मी पुढे झालो. मला वाटलं, मी विचारलं तर ते मला खरं सांगतील. "आबा, टायर घातले का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढला नाही.

"कोन म्हनून इचारताय?"

तेवढ्यात पाणी सुरू झालं.

पेटलेल्या भट्टीवर पाणी पडल्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. आधी नुसता फूत्कार. मग आत विटा तडकायला लागल्या, ठासून भरलेल्या लवंगी माळेसारख्या. लिंपण सुटून खाली आलं, त्याबरोबर बांगड्याही. पांढरी वाफ उसळून धुक्यात मिसळली आणि काही क्षण कोणालाच कोणी दिसेना. ती निवळली तेव्हा भट्टीची एक बाजू ओघळून बसली होती. झोपड्यांतल्या बायकांनी पोरांना आत ओढलं. आबा मागे सरकून खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

शैला नळी धरलेल्या जवानाजवळ गेली. त्याच्या बाहीला हात लावून अगदी हळू म्हणाली, "दादा, पुरे. गेली ती."

त्यानं निरीक्षकाकडे पाहिलं. टाकी भरलेली घेऊन परत जाता येत नाही, असं निरीक्षकानं सांगितलं. त्यामुळे पाणी आणखी बराच वेळ चालू राहिलं.

तेवढ्यात मुनाफभाई स्कूटरवरून आले. स्टँड लावायचंही त्यांना सुचलं नाही. तशीच धरून उभे राहिले.

"अरे, हे काय चाललंय? माझा माल आहे तो."

"तुमचा कसला माल?" केळूसकरांनी विचारलं.

"माझा म्हणजे तुमचाच, साहेब. भिंतीचा. चार फूट चढवायची ना? त्याच्या विटा. ऑर्डर इथंच दिली मी. म्हटलं जवळ पडेल. ट्रक नाही, टेम्पो नाही, भट्टीवरनं भिंतीपर्यंत ढकलगाडीनं येतील."

पाण्याचा आवाज चालूच होता. केळूसकर हळूहळू आबांकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं, ही भिंत कशासाठी आहे ते?"

"व्हय. माजा धूर आडवायला."

"आणि तरी ऑर्डर घेतलीत?"

"का न्हाई घ्यायची?" आबा म्हणाले. "वीट मागितली, दिली. आजपातूर कोनी कशासाटी बांदताय म्हनून म्या इचारलं न्हाई."

मुनाफभाईंनी स्कूटर वळवली.

सकाळच्या गडबडीत वीज कधीतरी परत आली होती. त्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळी ती पुन्हा गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. जिन्यांत मोबाइलचे उजेड फिरू लागले. आठव्या मजल्यावरून कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलेल्या कोणाला तरी धीर देत होतं. आम्ही काही जण मागे जनरेटरच्या खोलीपाशी जमलो. शहरातून मिस्त्री आला. आत वाकला. केळूसकर त्याला टॉर्च दाखवत होते.

"पट्टा गेलाय," तो आतून म्हणाला. "गेलाय म्हणजे जळून चिकटलाय. पंख्याचा. आणि त्याची आग इथल्या रबरी नळीला लागलीय. बघा, नळी सगळी वितळली. किती दिवस रेटताय हा लोडवर?"

"कधी जळाला असेल?" कोणीतरी विचारलं.

"राख गार आहे. सकाळीच कधीतरी. धुमसून धुमसून बंद पडला असणार आपोआप." मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "घाण वास सुटतो याचा. कोणाला आला नाही?"

मिस्त्रीनं जळक्या पट्ट्याचा तुकडा समोर धरला. केळूसकरांनी तो घेतला, नाकाशी नेला, आणि तसाच धरून उभे राहिले. टॉर्चचा उजेड जमिनीवर पडला होता. त्यांच्या बुटांवर सकाळचा भट्टीचा चिखल होता.

मी घरी येऊन शैलाला सांगितलं. ती पीठ मळत होती. मेणबत्तीच्या उजेडात परातीत तिचे हात थांबले.

"आबांना सांगितलंत?"

"सांगतो."

"नको. ते त्यांना माहीत आहे. तुम्हाला आता कळलंय."

आबांना तिनं दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आणलं. भट्टी उकरून झाली होती. मधल्या थरातल्या थोड्या विटा शाबूत होत्या. बाकीचा नुसता खंगर, म्हणजे भाजून एकमेकांना चिकटलेले गोळे, आणि गाळ. विटा थापणारी माणसं बोचकी बांधून दुसरीकडे काम बघायला निघाली होती. आबा सोफ्याच्या कडेला बसले होते, कोणाच्या तरी दुकानात बसल्यासारखे. मधुरा त्यांच्या मांडीवर होती.

केळूसकर आले. एकटे. दारात चपला काढून आत आले आणि उभेच राहिले.

"जोर्वेकर, माझी चूक झाली. तो वास तुमच्याकडचा नव्हता."

आबांनी त्यांच्याकडे शांतपणे बघून घेतलं. रागानं नाही. माती विटेला चालेल का नाही, हे बघतात तसं.

"शैले," ते म्हणाले, "सायबास्नी पानी दे."

शैलानं तांब्याभांडं आणलं. केळूसकर ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, भांडं ठेवून पाणी छान गार आहे म्हणाले आणि गेले. त्यांना काही कळलं नाही. तिथं कळणारे आम्ही तिघंच होतो.

मग शैलानं चहा केला. आबांना कप दिला. माझ्यासाठी काय ठेवावं म्हणून ती क्षणभर ओट्याशी उभी राहिली, ते मला बाहेरून दिसलं. मग ती आली आणि माझ्यासमोर दोन्ही ठेवलं. चहा, आणि पाण्याचा पेला. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. मी कशाला आधी हात लावला ते त्यांनी पाहिलं नसावं. शैलानं पाहिलं.

आबा नंतर आमच्याकडेच राहायला आले. भट्टीच्या जागी 'हरितशिखर – दोन' उभं राहिलं, तेव्हा आमच्या बाल्कनीतून दिसायचं ते सगळं बंद झालं. बिल्डरनं नव्या इमारतीला ब्लॉक वापरले. ते कारखान्यात होतात, आणि कारखाना कुठं आहे हे आम्हाला दिसत नाही. आबा बाल्कनीत बसून त्या ब्लॉकांचे ट्रक मोजायचे आणि नावं ठेवायचे. मधुराचा खोकला चैत्रात थांबला. डॉक्टरांनी औषध बदललं होतं, हवा बदलली होती, आणि शेजारच्या काकूंनी दृष्टही काढली होती. श्रेय कोणाचं ते आम्ही ठरवलं नाही.

राहिली भिंत. धूर नव्हता, पण ठराव होता. वार्षिक सभेत केळूसकरांनी ती रद्द करावी असं सुचवलं. मंजूर झालेलं काम रद्द करायचं तर त्याला वेगळा ठराव लागतो, आणि त्यासाठी पुरेसे सभासद हजर नव्हते. ते पोह्यांपर्यंत थांबत आणि जात. तेव्हा भिंत झाली. चार फूट. ढकलगाडीनं येणारी वीट मुनाफभाईंनी घाटापलीकडच्या एका भट्टीवरून ट्रकनं आणली. ट्रक मागच्या रस्त्यावर इंजिनं चालू ठेवून रांगेत उभे राहायचे आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायचो.

त्या घाटापलीकडच्या भट्टीभोवती तेव्हा नजर जाईल तिथवर ज्वारी होती. आता तिथं 'हरितशिखर – तीन' आहे. सॅम्पल फ्लॅट शनिवार-रविवार उघडा असतो.